गुऱ्हाळातलं थर्मोकपल: काहिलीत गूळ तयार आणि काटा ९२ वर, चूक कुठं?

काकवी:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात इन्व्हर्टर-यूपीएस रिपेरी करतो, आमचं घरचं गुऱ्हाळ संकेश्वरच्या बाजूला, मामा बघतात. यंदा आमचा जुना गुळव्या (आम्ही आबा म्हणतो) सांगून सोडला की आता वाफेत नीट दिसत नाही, कुणाला तरी शिकवून घ्या. तो चमच्यानं पाक उचलून थंड पाण्याच्या वाटीत टाकतो, बोटानं गोळी करतो, गोळी कशी होतीय बघून "उतरवा" म्हणतो, तीस-पस्तीस वर्षं एकदाही आधण फुकट गेलं नाही. नवीन पोराला ते जमंपर्यंत काहीतरी आधार पाहिजे म्हणून मी म्हटलो थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) लावू. आकडेवाला डिस्प्ले नको, काट्याचं मीटर पाहिजे, लांबनं दिसतंय आणि आबाला काटा पटतो, घड्याळासारखं.

आता केलोय ते असं. के टाइप थर्मोकपल स्टीलच्या नळीतलं, पुढं एलएम३५८ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), गेन म्हणजे वाढवायची पट २४४, म्हणजे अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट गुणिले २४४ बरोबर १० मिलिव्होल्ट, मीटरवर सरळ वाचता यावं. पण इनपुट शॉर्ट करून बघितलो तरी आउटपुटला ०.४० व्होल्ट, म्हणजे काहीच नसताना ४० अंश! ते वजा करून वाचलो तर खोलीत शून्य आणि उकळत्या पाण्यात ६८. खोली शून्य कशी असेल ओ, मी तीस अंशात फॅनखाली बसलोय. दुकानदारानं डुप्लिकेट थर्मोकपल दिलंय काय?

निपाणी_स्टँड:
मॅक्स६६७५ चं मॉड्यूल (थर्मोकपल वाचणारी तयार चिप) लाव आणि झोप बाबा. पाव अंशापर्यंत वाचतं, कोल्ड जंक्शनचा (गार टोकाचा) हिशोब आतच. कशाला हे ऑपअँपचं लफडं.

काकवी:
मॉड्यूल आहे माझ्याकडं. पण मग कंट्रोलर, प्रोग्रॅम, डिस्प्ले सगळं आलं. गुऱ्हाळात उद्या बिघडलं तर मी बेळगावात, तिकडं मामा आणि चिपाडं. रेझिस्टर आणि काटा असला तर गावातला रेडिओवाला पण बघेल.

सोल्डरगन:
थर्मोकपल चांगलं आहे, दुकानदाराला शिव्या देऊ नका 🙂 तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजतं. खोलीत दोन्ही टोकं तीसवर, फरक शून्य, म्हणून शून्य. पाण्यात एक टोक, दुसरं तुमच्या टर्मिनलवर तीस अंशात, फरक अडुसष्ट. त्यात टर्मिनलचं तापमान मिळवावं लागतं, त्यालाच कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात. १८२१ मध्ये सीबेकनं दोन धातूंचं कडं करून एक जोड तापवला आणि शेजारचं होकायंत्र हललं, त्याला वाटलं हे चुंबकत्वच आहे, करंट वाहतोय हे त्याच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे काट्यावर बघायची पद्धत तुमच्या आबांच्या बाजूची आहे, जुनीच आहे.

दुसरी भानगड ३५८ ची. त्याचा इनपुट ऑफसेट (इनपुटला काही नसताना स्वतःच धरतो ते व्होल्टेज) २-३ मिलिव्होल्ट नेहमीचा, ७ पर्यंत चालतो असं डेटाशीटच सांगतं. तुमचे ०.४० भागिले २४४ म्हणजे १.६ मिलिव्होल्ट, उलट चांगला पीस मिळालाय. पण इथं एक अंश म्हणजे ४१ मायक्रोव्होल्ट, मग १.६ मिलिव्होल्ट म्हणजे चाळीस अंश झालेच. प्रीसेटनं (फिरवायच्या रेझिस्टरनं) घालवाल, पण डबा गरम झाला की तो परत सरकतो, अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट. चुलवाणाजवळ डबा दहा अंशानं तापला की पावणेदोन अंश गेले. ओपी०७ ऑपअँप घ्या, ऑफसेट शंभरच्या आतबाहेर मायक्रोव्होल्ट आणि सरकणंही खूप कमी. त्याला निगेटिव्ह सप्लाय लागतो, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावा, मेनचा संबंधच नको.

काकवी:
हां आता डोक्यात शिरलं. म्हणजे टर्मिनलजवळ एलएम३५ (तापमान सांगणारी चिप) चिकटवून त्याचं मिळवायचं? पण ते अंशाला १० मिलिव्होल्ट देतंय आणि थर्मोकपल ४१ मायक्रो.

सोल्डरगन:
भागा की. २४४ नं. एलएम३५ च्या आउटपुटवरून २४.३ के आणि खाली १०० ओहम ग्राउंडला, मधल्या बिंदूवर अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. थर्मोकपलची निगेटिव्ह तार ग्राउंडला न लावता त्या बिंदूवर लावा, पॉझिटिव्ह ओपी०७ च्या प्लस पायावर. बेरीज आपोआप होते, वेगळा ऑपअँप नको. एलएम३५ मात्र टर्मिनलच्या स्क्रूला टेकलेलं पाहिजे, डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर तो कोपरा मोजत बसेल. ११८ अंशाला के टाइपचे ४.८४ मिलिव्होल्ट होतात, गुणिले २४४ बघा, १.१८ व्होल्ट. तुमच्या कामाच्या पट्ट्यात रेघ जवळजवळ सरळ आहे, लिनियरायझेशनच्या (रेघ सरळ करून घेण्याच्या) नादाला लागू नका.

भट्टीवाला:
मी उद्यमबागेत फाउंड्रीत मेंटेनन्सला, आयुष्य पायरोमीटरच्या (भट्टीच्या तापमापकाच्या) मागं गेलं. आमच्याकडं वितळलेल्या लोखंडाला प्लॅटिनमचं थर्मोकपल, टिप बुडवली की दोन-चार सेकंदात रीडिंग आणि टिप खलास, के टाइप त्या तापमानाला टिकत नाही, पण हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला केच. सांगायचं काय तर सोल्डरगन सरांचं सगळं बरोबर पण शेतात हे बिघडतंय ते वायरीत बिघडतंय. टेबलावर चाललं म्हणून नाचू नको. सिंगल फेज मोटर आहे का चरकाला? वायर पिळून घे दोन्ही तारा एकमेकीभोवती, इनपुटला एक कॅपॅसिटर टाक, नाहीतर चरक चालू झाला की काटा थरथरणार.

कुंदा_रोज:
मी आपला वाचतोय. हे कुंद्याच्या कढईला चालेल काय? दूध आटवताना आमचा आचारी पण "नजरेनं" म्हणतो.

भट्टीवाला:
चालेल की, पण आधी काकवीचं होऊ दे, धागा खव्यात घालू नकोस.

काकवी:
चार दिवसांनी लिहायलोय. ओपी०७ आणि एलएम३५ टाकून केलो, घरी एकदम बेस. खोलीत तीस, पाणी उकळताना काटा शंभरवर यावा म्हणून प्रीसेट फिरवून सेट केलो. एक मिलिॲम्पचं मीटर, सिरीजला रेझिस्टर, पूर्ण स्केल १५० अंश. आज गुऱ्हाळावर नेलो. डबा वाफेपासून लांब खांबावर, प्रोब (थर्मोकपलची नळी) काहिलीच्या कडेला बांधलो, प्रोबची तार मीटरभरच म्हणून पुढं आठ मीटर साधी तांब्याची वायर जोडलो, जोड कडेच्या लोखंडी पट्टीवर. भेंडीचं पाणी टाकून मळी काढली, चिपाडं लागली, काटा चढला, ८०, ८५, आणि मग तिथंच अडकल्यासारखं. आबानं गोळी केली आणि म्हटला उतरवा. काटा बघतोय तर ९२! आबा काही बोलला नाही, नुसता मिशीत हसला, ते जास्त लागलं.

भट्टीवाला:
सांगितलो होतो. तांब्याची वायर!!! तुझं कोल्ड जंक्शन आता खांबावरच्या डब्यात नाही, काहिलीच्या पट्टीवर आहे, जिथं के ची तार संपली आणि तांबं सुरू झालं तिथं. तो जोड चुलवाणाच्या झळीत तापलेला, एलएम३५ बिचारं खांबावर बसून बत्तीस सांगतंय. जोडाला हात लावून बघ उद्या.

काकवी:
हात लावून बघितलो, चटका बसला. दुसऱ्या थर्मामीटरनं ५८. डब्यात ३२. फरक २६. आणि ९२ अधिक २६ म्हणजे ११८. भट्टीवाला काका तुमच्या पाया पडतो.

सोल्डरगन:
छान उदाहरण मिळालं, मी आता पोरांना हेच देणार. एक गोष्ट जोडतो, कारण बरेच जण समजतात की व्होल्टेज टोकाच्या गाठीत तयार होतं. गाठीत नाही, ते तारेभर तयार होतं, जिथं जिथं तारेवर तापमान बदलतं तिथं. गाठ म्हणजे फक्त दोन तारा एकत्र येण्याची जागा. म्हणून ५८ ते ३२ हा उतार तांब्याच्या वाट्याला गेला की तो हिशोबातून गळाला, कारण तिथं दोन्ही तारा एकाच धातूच्या, एकीचं दुसरीनं खोडलं.

निपाणी_स्टँड:
म्हणजे मॉड्यूल लावलं असतं तरी हेच झालं असतं?

भट्टीवाला:
हेच झालं असतं, फक्त पाव अंशाच्या अचूकतेनं चुकलं असतं 😄

काकवी:
आता हसू नका. के टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलच्या तारेसारखंच व्होल्टेज देणारी) मागवलो, दहा मीटर, हिरवी-पांढरी. प्रोबच्या तारा लाल आणि पिवळ्या. लाल म्हणजे प्लस म्हणून लालला हिरवी जोडलो, पिवळीला पांढरी. डब्याकडं हिरवी प्लसला लावलो तर काटा शून्याच्या खाली, म्हणून तिथं पांढरी प्लसला केलो. आज आबाची गोळी झाली तेव्हा काटा ६६. सहासष्ट!! आधी २६ नं कमी होतं, केबल चांगली आणली तर ५२ नं कमी. मामा म्हणतात तू इन्व्हर्टरच बघ.

सोल्डरगन:
२६ चे बरोबर ५२. दुप्पट. हा आकडा बघितला की डोळे झाकून सांगता येतं, केबल उलटी जोडली आहे. सरळ असती तर ५८ ते ३२ च्या पट्ट्यातलं व्होल्टेज मिळालं असतं, उलटी असल्यामुळे तेच वजा झालं. साधी तांब्याची एकदा चुकते, उलटी केबल दोनदा.

भट्टीवाला:
लाल म्हणजे प्लस हे बॅटरीत. अमेरिकन कलर कोडात थर्मोकपलची लाल तार निगेटिव्ह, के टाइपला पिवळी प्लस. तुझी केबल दुसऱ्या कोडाची, आयईसीची (आंतरराष्ट्रीय), त्यात हिरवी प्लस आणि पांढरी निगेटिव्ह. म्हणजे पिवळीला हिरवी, लालला पांढरी. आमच्या कारखान्यात एकदा नवीन पोरानं हेच केलं होतं, भट्टी कमी दाखवतीय म्हणून सेटिंग वाढवत गेला आणि आतला माल वाकडा होऊन बाहेर आला, त्यानंतर मी रंगावर विश्वासच ठेवत नाही. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट ठेवतो खिशात. के ची निगेटिव्ह तार ॲल्युमेल, तिला मॅग्नेट ओढतो. प्लसची क्रोमेल, तिला ओढत नाही. रंग उडालेला असो, वायर काळी झालेली असो, मॅग्नेट खोटं बोलत नाही.

काकवी:
मॅग्नेट लावलो. लाल तार टकदिशी चिकटली. च्यामारी.

काकवी:
(रात्री) दोन्ही टोकांना उलटं करून जोडलो, डब्याकडं आता हिरवी प्लसला. गोळीच्या वेळी काटा ११९ च्या आसपास, मध्येच १२१. जवळ आलंय पण आता दुसरीच शंका. कुठल्यातरी माहितीपत्रकात गूळ ११८ ला तयार असं वाचलेलं, हे त्याच्या वर का? आणि अजून एक, आज पोराच्या पायात अडकून प्रोबची तार निसटली तर काटा मधेच कुठंतरी भरकटत होता, ८० वर स्थिर दिसत होता चक्क. चूल घालणाऱ्याला वाटलं अजून वेळ आहे, त्यानं चिपाडं कोंबली. आबानं बघितलं म्हणून वाचलं, नाहीतर आधण करपलं असतं.

सोल्डरगन:
तार तुटली तर काटा वर जाऊन आपटला पाहिजे, खाली किंवा मध्ये नको. प्लस पायावरून पॉझिटिव्ह बॅटरीला १० मेगओहम लावा. थर्मोकपल जोडलेलं असताना त्यातून किरकोळ करंट जातो, तुटलं की पाय वर ओढला जातो आणि काटा शेवटाला. लांबून ओळखू येतं.

काकवी:
लावलो. तुटल्यावर बरोबर शेवटाला जातो. पण जोडलेला असताना सगळंच २ अंशानं वर सरकलं! डब्यातलं रीडिंग ३२ चं ३४ झालं.

सोल्डरगन:
अरे हो, माझीच चूक, तो करंट जातो कुठून ते बघितलं नाही. नऊ व्होल्ट भागिले १० मेग म्हणजे ०.९ मायक्रोॲम्प. तो थर्मोकपलमधून खाली येऊन तुमच्या १०० ओहममधून ग्राउंडला जातो, तिथं ९० मायक्रोव्होल्ट पडतात, भागिले ४१, दोन अंश. आणि बॅटरी उतरली की तो आकडाही बदलणार. भागणारी जोडीच दहापट लहान करा, २.४३ के आणि १० ओहम. एलएम३५ ला हा लोड जड नाही. मग ९ मायक्रोव्होल्ट, पाव अंशाच्या आत.

भट्टीवाला:
सर तुम्ही पण चुकता हे बघून बरं वाटलं 🙏

कुंदा_रोज:
आता ११९-१२१ चं कोण सांगणार? मी त्यासाठी जागा आहे.

भट्टीवाला:
मी सांगतो. काकवी, तू प्रीसेट कुठं सेट केलास? बेळगावात घरी, उकळत्या पाण्यात, काटा शंभरवर आणलास. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे बाबा. इथं पाणी साडेसत्त्याण्णवला उकळतं. तू साडेसत्त्याण्णवला शंभर म्हणायला लावलंस. अडीच टक्के गेन जास्त, म्हणजे ११६ चे ११९ दाखवणार आणि आजूबाजूला तसंच.

काकवी:
अरे देवा. शाळेपासून पाणी १०० ला उकळतं म्हणून ठेवलंय डोक्यात.

सोल्डरगन:
आधी शून्य, मग उकळी, हा क्रम पाळा. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणा, बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, पाणी थोडंच, बर्फाचा लगदा व्हायला हवा. प्रोब मधोमध, तळाला टेकवू नका. दोन मिनिटांनी काटा शून्यावर ऑफसेटच्या प्रीसेटनं आणा. मग उकळतं पाणी, गेनचा प्रीसेट. परत बर्फ, परत पाणी, दोन-तीन फेऱ्या. साध्या ग्रेडच्या के थर्मोकपलची स्वतःची चूकच अडीच अंशापर्यंत धरतात, ती पण यात बरीचशी निघून जाते, कारण तुम्ही हाच प्रोब, हीच केबल घेऊन जुळवताय. फक्त हे गुऱ्हाळावरच करा, घरी नको.

भट्टीवाला:
आणि माहितीपत्रकातलं ११८ विसर. ते कुठल्या उंचीवर लिहिलंय कुणास ठाऊक. पाण्याची उकळी जशी खाली येते तशी पाकाची पण येते. तुझ्या गुऱ्हाळावर पाणी कितीला उकळतंय ते बघ आणि गूळ त्याच्यावर किती अंशाला होतोय ते लिहून काढ.

निपाणी_स्टँड:
मान्य, माझं मॉड्यूल मागं घेतो. पण फोटो टाक रे.

काकवी:
फोटो उद्या, इथं रेंज नाही. बर्फ-पाणी सगळं गुऱ्हाळावरच केलो, मामी म्हटल्या रस नाही तर बर्फ कशाला आणलास. पाण्याची उकळी ९८ ला जरा कमी दिसते, काट्यावर एवढंच कळतंय. लागोपाठ पाच आधणं आबाला काटा न दाखवता गोळी करायला लावलो, मीटर पोत्यानं झाकून, आणि प्रत्येक वेळी "उतरवा" म्हटल्याबरोबर मी वाचून वहीत लिहिलो: ११६, ११५.५, ११६, ११६.५, ११६. पाचही वेळा एक अंशात! म्हातारा बोटानं मोजतोय आणि मी एवढे रेझिस्टर जाळलो. पाण्याच्या उकळीच्या वर साधारण अठरा. मग मीटरच्या काचेवर ११६ ला मामींच्या लाल नेलपॉलिशनं रेघ मारलो.

सोल्डरगन:
एक अंशात पाच वेळा, हे तुमच्या सर्किटचं पण कौतुक आहे आणि आबांचं पण. माझ्या लॅबमधली पोरं बर्फाच्या लगद्यात यापेक्षा जास्त फिरतात.

काकवी:
एक तक्रार राहिलीय, आबाचीच. म्हणतो तुझा काटा माझ्या मागनं येतोय. खरंच येतोय, सकाळी पहिल्या आधणाला कमी, दुपारपर्यंत चांगला आठ-दहा सेकंद उशीर. बॅटरी बघितलो, ठीक आहे. कॅपॅसिटर तोच.

भट्टीवाला:
प्रोबवर पाक चढतोय, दुसरं काय. साखरेचा थर म्हणजे प्रोबला घातलेला स्वेटर, उष्णता आत जायला वेळ. आमच्याकडं शीथवर (प्रोबच्या नळीवर) स्लॅग (धातूची मळी) बसतं तेव्हा हेच. प्रत्येक आधण उतरलं की प्रोब गरम पाण्यात ठेव, विरघळेल, तारेच्या घासणीनं घासू नको. आणि तोवर रेघेच्या एक अंश आधी उतरवायला सांग, काहील चुलीवरनं काढल्यावर पण थोडं शिजतंच.

काकवी:
आबा पण तेच म्हटला, रेघेला टेकायच्या आत उतरव. गरम पाण्याचं भांडं ठेवलो होतो, पण गरज पडली नाही. प्रोब बाहेर काढून खांबाला टांगला की गार होईपर्यंत गल्लीतली पोरं राखण बसलेली असतात, वरचा गूळ खरवडून खातात, दांडी लख्ख. फक्त त्यांना सांगितलोय, पिवळी-लाल तार ओढायची नाही.